औषधी वाटिकेतील अळीचा वाटा

आमच्या चिकित्सालयामागील अंगणात कागदी लिंबू, कढीपत्ता, अडुळसा, रुई अशी मोजकी झाडे आहेत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात लिंबाची कोवळी पाने कुरतडलेली दिसली आणि आम्ही तत्परतेने कीटकनाशक फवारले. दुसऱ्या दिवशी झाडाखाली हिरव्या अळ्या मरून पडल्या होत्या. त्याच आठवड्यात एका कासरुग्णासाठी अडुळशाचा स्वरस हवा होता. परंतु फवारा शेजारच्या अडुळशावरही उडालेला असल्याने एकही पान खुडण्याचे धाडस झाले नाही. औषध दारी असूनही रुग्णाला ते बाजारातून आणावयास सांगावे लागले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिपरीक्षेच्या ओघात ग्राह्य औषधीचे वर्णन येते. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी आदींनी जी दूषित झालेली नाही, तीच घ्यावी असा त्याचा आशय आहे. कृमीबरोबर विषाचाही तेथे निषेध आहे, हे आपण विसरतो. कुरतडलेले पान दिसते आणि निवडून बाजूला काढता येते. फवाऱ्याचे विष दिसत नाही आणि निवडताही येत नाही.

शिवाय ज्यांना आपण कीड म्हणतो, त्यांतील कित्येक फुलपाखरांच्याच अळ्या असतात. लिंबू व कढीपत्त्यावरील लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. रुईवर वाढणारी ‘बिबळ्या कडवा’ची अळी त्या झाडातील विषारी द्रव्ये शरीरात साठवून पक्ष्यांपासून आपला बचाव करते. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ‘ब्लू मॉर्मन’च्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच पोसल्या जातात.

उपाय साधा आहे. औषधासाठी केवळ अखंड, निरोगी पाने घ्यावीत. रोपटे लहान असल्यास अळ्या हलक्या हाताने त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडाव्यात. अडुळशाच्या काही फांद्या न छाटता फुलू द्याव्यात. भुंगे व मधमाश्या त्यांवर येतात. उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे व ते रोज बदलावे. औषधालयांच्या मालकांनीही ओला माल घेताना छिद्रे पाहावीतच, पण फवारणी केव्हा व कशाची झाली हेही अवश्य विचारावे.

आता आमच्या लिंबाची थोडी पाने दरवर्षी अळ्यांच्या वाट्यास जातात. अडुळशाची पाने मात्र आम्ही निःशंकपणे रुग्णाच्या हाती देऊ शकतो.