कारकुनाचा पत्ता आणि चौदाशे डॉलर

अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळात बेसबॉल हा सभ्य गृहस्थांचा फावल्या वेळचा खेळ असून त्यासाठी मोबदला घेणे निषिद्ध आहे, असा दंडक खेळाडूंच्या संघटनेने कागदावर मोठ्या निष्ठेने जपला होता. प्रत्यक्षात मात्र वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघाने 1867 साली जॉर्ज राइट या वीस वर्षांच्या तरुणाची नोंद कारकून म्हणून केली, आणि त्याच्या नावापुढे जो पत्ता लिहिला तेथे कचेरी नसून सार्वजनिक उद्यान होते. ही लबाडी राइट घराण्याला मनातून हास्यास्पदच वाटली असली पाहिजे. जॉर्जचे वडील सॅम्युअल हे इंग्लंडातून येऊन न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात राहिलेले पगारी खेळाडू. तेव्हा खेळाचे वेतन उजळ माथ्याने घेण्याची रीत त्या घरात पूर्वापार होती.

थोरला भाऊ हॅरी याच्या नेतृत्वाखाली 1869 साली सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज संघ उघडपणे पगारी झाला, तेव्हा हॅरीला बाराशे डॉलर आणि जॉर्जला चौदाशे मिळाले. त्या वर्षी संघाने सत्तावन्न सामने जिंकले आणि एकही गमावला नाही. पहिला पराभव 14 जून 1870 रोजी ब्रुकलिन येथे, अकराव्या डावात, 8-7 असा झाला.

जॉर्जची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, शॉर्टस्टॉपची. हातमोजे रूढ झालेले नव्हते. तरीही हाताच्या फेकीवर भरवसा असल्यामुळे तो इतरांपेक्षा बराच मागे उभा राही, आणि त्यामुळे अधिक क्षेत्र त्याच्या आवाक्यात येई. बेसवर धावपटू असताना उंच उडालेला सोपा झेल तो बुद्ध्या खाली पडू देई आणि झेलाच्या भरवशावर जागीच थांबलेल्या धावपटूंपैकी दोघांना एकदम बाद करी. असल्या चतुराईला आळा घालणारा नियम 1890 च्या दशकात करावा लागला, यापरते प्रशस्तिपत्र मला तरी सुचत नाही.

पुढे बोस्टनमध्ये दोघे भाऊ वर्षानुवर्षे एकत्र खेळले आणि विजेतेपदे मिळवली. 1879 साली मात्र जॉर्जने प्रॉव्हिडन्सची सूत्रे हाती घेतली आणि हॅरीच्याच बोस्टनला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून अजिंक्यपद पटकावले. संघाचा कारभार त्याने त्या एकाच मोसमात पाहिला. नंतर त्याचे लक्ष ‘राइट अँड डिट्सन’ या क्रीडासाहित्याच्या पेढीत गुंतले. त्याचा मुलगा बील्स 1905 साली अमेरिकेचा टेनिस विजेता झाला, आणि त्या स्पर्धेत पैसे घेऊन खेळणाऱ्यास मज्जाव होता.