पात्याची धार आणि पात्याचा तोल

इंग्लंडातील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग याने १८३० साली हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा लोकरी कापडावरील लव भादरणाऱ्या गिरणीतल्या यंत्राचीच रचना त्याने गवताकडे वळविली होती. फिरती पाती आणि खालचे स्थिर पाते यांच्या चिमटीत गवत कात्रीप्रमाणे कापले जाई. आज बंगल्यांच्या आवारांत सर्रास दिसणाऱ्या यंत्राची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या पोटाखाली एकच आडवे पोलादी पाते मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते, आणि समोर दुसरे पाते नसल्यामुळे गवताला आधार असतो तो केवळ त्याच्या ताठपणाचा व जडत्वाचा. ते झुकण्यापूर्वीच तुटावे एवढा वेग येथे आवश्यक असतो. अर्धा मीटर लांबीच्या पात्याचे टोक ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावते.

अशा आघाताने कापणाऱ्या पात्याला वस्तऱ्याची धार देणे व्यर्थ होय, कारण पातळ कड पहिल्याच खड्याला दुमडते. सुमारे ३० अंशांचा उतार पुरेसा. मात्र पाते अगदीच बोथट झाले की गवत कापले न जाता फाटते, त्याचे शेंडे दोनचार दिवसांत पांढुरके-तपकिरी पडतात, आणि त्या चिंध्यांतून ओलावा निघून जाऊन रोगाला वाट मिळते.

पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून बाजूला बांधावी, विजेचे यंत्र असल्यास जोडणी तोडावी. यात हयगय नको. मग पाते शिकंज्यात घट्ट धरून, मूळच्या उताराला अनुसरून, कानस एकाच दिशेने चालवावी. ग्राइंडरची घाई मला मान्य नाही, कारण कड तापून निळी पडली की पोलादाचे पाणी उतरलेच म्हणून समजावे.

परंतु बहुतेक गृहस्थ ज्याची दखल घेत नाहीत, तो तोलाचा प्रश्न मला धारेहूनही गंभीर वाटतो. फिरणाऱ्या वस्तूवरील केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर ती चौपट होते. या हिशेबाने मध्यापासून २५ सेंटिमीटरवर केवळ ५ ग्रॅम लोखंड अधिक राहिले, तर ३,००० फेऱ्यांना ते साडेबारा किलो वजनाच्या बळाने आसाला ओढते, आणि ही ओढ सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलीत फिरते. हाताला जाणवणारी थरथर, सैल होणारे बोल्ट आणि अकाली झिजणारे बेअरिंग यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

परीक्षेची तजवीज साधी आहे. भिंतीत आडवा खिळा ठोकून पात्याचे मधले छिद्र त्यावर अडकवावे. जड बाजू खाली जाईल. त्या बाजूच्या मागील, वर वळलेल्या पंखाच्या टोकाचेच थोडे लोखंड घासावे, धारेचे नव्हे, कारण मध्यापासून दूरचा कण काढला तर थोडक्यात काम भागते. नंतर पाते उलटसुलट करून पुन्हा अडकवावे, म्हणजे खिळ्याचा वा छिद्राचा दोष पात्याच्या माथी येणार नाही. पाते वाकले असल्यास, किंवा पंखाच्या मुळाशी ते पातळ झाले अथवा त्याला तडा गेला असल्यास, हातोड्याने दुरुस्तीच्या भरीस न पडता नवे आणावे, आणि बसविताना पंख वरच्या दिशेला आहे याची खात्री करून बोल्ट आवळावा.