टाकीचा दिवा आणि पहिला पीसीबी

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरी मे महिन्यात कित्येक विहिरींचा तळ दिसू लागतो. अशा दिवसांत पंप चालू राहून गच्चीवरची टाकी वाहिली की जीव हळहळतो. टाकी भरताच स्वयंपाकघरात लाल दिवा लागावा, एवढं एकच काम करणारं सर्किट मला पहिला पीसीबी, म्हणजे तांब्याच्या ट्रॅकचा छापील बोर्ड, शिकण्यासाठी सर्वांत योग्य वाटतं. बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, एक एलईडी, दोन रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि टाकीच्या काठाशी टांगलेल्या स्टीलच्या दोन सळ्या, सामान संपलं.

एक सळई बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. पाणी दोन्ही सळ्यांना भिडलं की त्यातून अगदी किंचित प्रवाह बेसपर्यंत पोचतो आणि ट्रान्झिस्टर एलईडीचा मार्ग मोकळा करतो. ९ पैकी सुमारे २ व्होल्ट एलईडी घेतो, उरलेले ७ त्याच्या जोडीच्या ४७० ओहमवर पडतात, म्हणजे प्रवाह साधारण १५ मिलिअँपिअर. एलईडीला तेवढा पुरतो.

हे बोर्डवर उतरवण्यासाठी ‘किकॅड’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२मध्ये सुरू केलं. २०१३पासून ‘सर्न’ या जिनिव्हाच्या अणुसंशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. त्याला पैसे पडत नाहीत आणि बोर्डच्या आकारावर अडवणूकही नाही. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं ‘ई-सिम’ हे सर्किट-रचनेचं सॉफ्टवेअर किकॅडच्याच आधाराने उभं आहे, आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये किकॅडचे पाठ आहेत. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला घरच्या संगणकावर एवढं मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

आता नवशिक्याचा गोंधळ जिथे होतो, तिथे येऊ. किकॅडमध्ये आधी स्कीमॅटिक काढायचं असतं. स्कीमॅटिक म्हणजे वंशावळ. कोण कोणाचं कोण, एवढंच ती सांगते. कोण कुठल्या घरात राहतं, ते तिच्यात नसतं. ते ठरतं बोर्डवर. स्कीमॅटिकमधल्या प्रत्येक चिन्हाला एक ‘फूटप्रिंट’ नेमून द्यावा लागतो, म्हणजे त्या भागाच्या पायांची तांब्यातली नेमकी जागा. आणि घात इथेच होतो. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून पाय येतात कलेक्टर, बेस, एमिटर. तसाच दिसणारा २एन३९०४ घ्या: एमिटर, बेस, कलेक्टर. डोळ्यांना दोघे जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा बसवला की दिवा लागेल याचा भरवसा नाही. हातात असलेल्या भागाचा डेटाशीट उघडून पाय जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कीमॅटिक तपासणारा ‘ईआरसी’ पहिल्याच वेळी पॉवर पिनला वीज देणारं कोणी नाही, अशी तक्रार करू शकतो. घाबरू नका. बॅटरीतून वीज येते हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ‘पॉवर फ्लॅग’ लावला की तक्रार मिटते. मग बोर्डवर भाग मांडायचे, त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघांचा गुंता भाग फिरवून सोडवायचा आणि तांब्याचे ट्रॅक ओढायचे. बोर्ड घरी करणार असाल तर ट्रॅक १ मिलिमीटर रुंद ठेवा. विजेला तेवढी रुंदी लागत नाही, आपल्या हाताला लागते.

बोर्डची मांडणी तपासणाऱ्या ‘डीआरसी’ची तपासणीही निर्दोष आली की एक काम कराच. बोर्ड कागदावर मूळ मापात छापा, छिद्रांच्या जागी टाचणीने भोकं पाडा आणि खरे भाग त्यांत रोवून बघा. पाय अडला, एलईडी रेझिस्टरवर चढला, तर कागद फेकून पुन्हा छापता येतो. बोर्डच्या आराखड्याची ‘गर्बर’ फाइल कारखान्यात गेल्यावर ती सोय उरत नाही.

घरी फेरिक क्लोराइडमध्ये तांबं विरघळवलंत, तर ते हिरवट पाणी मोरीत ओतू नका. त्यात तांब्याचे क्षार असतात आणि ते माशांना घातक ठरतात. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, नाव लिहून, लहान मुलांपासून दूर ठेवा आणि कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत विचारूनच त्याची विल्हेवाट लावा.

शेवटची गोष्ट आपल्या हवेची. खारी, दमट हवा उघड्या तांब्याला पावसाळ्यात हिरवं करते. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत, तेच इथेही करायचं: ट्रॅकवर कथलाचा पातळ थर चढवायचा, आणि डाख देऊन झाल्यावर बोर्ड पुसून, वाळवून त्यावर इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणाऱ्या वार्निशचा हात फिरवायचा. बोर्ड कारखान्यातून करून घेतलात, तरी वार्निश चुकवू नका.

पावसाळ्याचे चार महिने घरात बसून हे सगळं निवांत जमतं. येत्या मेच्या आत तुमच्या टाकीला दिवा लागलेला असू द्या.