ओपनिंग शिकण्यासाठी चेसचं सबस्क्रिप्शन घ्यावं का? पैसे नेमके कशाचे जातात?

२८ जुलै २०२५. नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिला वर्ल्डकप जिंकला आणि त्याच दिवशी ग्रँडमास्टरही झाली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला होता. अशा बातम्या आल्या की पोरं मोबाईलवर चेस खेळायला लागतात, आठवडाभर सपाटून हरतात आणि मग त्यांना ओपनिंगच्या कोर्सची जाहिरात दिसते. पुढचा प्रश्न थेट आईबाबांकडे जातो, "कार्ड द्या ना."

तर द्यावं का?

आधी ओपनिंग म्हणजे काय ते बघू. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात. १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत डाव १,९७,२८१ प्रकारे पुढे जाऊ शकतो. यातल्या कामाच्या वाटा लोकांनी शोधून ठेवल्यात आणि त्यांना नावं दिलीत, इटालियन, सिसिलियन, कारो-कान वगैरे. १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियातून निघालेल्या ओपनिंगच्या विश्वकोशानं या वाटांना ए०० ते ई९९ असे ५०० कोड दिले. (आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकला असाल, तर एक गोष्ट आधी बदलावी लागेल. बऱ्याच घरांत प्यादं एकेकच घर सरकतं. इथं पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं आणि सगळी थिअरी त्यावरच उभी आहे.)

आता पैशांचं. ओपनिंग शिकायला तीन गोष्टी लागतात. कोण काय खेळतं याचा डेटाबेस, चाल बरोबर की चूक हे सांगणारं इंजिन आणि 'ही चाल का?' हे समजावणारा माणूस.

पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत. स्टॉकफिश हे जगातल्या सगळ्यात तगड्या इंजिनांपैकी एक, आणि ते ओपन सोर्स आहे. लिचेस ही साइट फ्रान्समधली ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते, तिथं जाहिराती नाहीत आणि पेड प्लॅनही नाही. तिच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये मास्टर्सचे डाव दिसतात, साध्या खेळाडूंचे दिसतात आणि तुमचे स्वतःचेही दिसतात. चेस डॉट कॉमवर मोफत खात्याला मर्यादा आहेत, त्या उठवायला मेंबरशिप घ्यावी लागते.

म्हणजे पैसे जातात ते तिसऱ्या गोष्टीचे, समजावण्याचे. आणि आणखी एका गोष्टीचे, उजळणीचे. चेसेबल या साइटचं नाव झालं ते यामुळेच. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीला भराभर विसरतो. मग विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा विचारायचं, बरोबर आलं की पुढची उजळणी लांबवायची, चुकलं की लगेच परत घ्यायची. चेसेबल हेच चालींच्या बाबतीत करतं. पण तिथं प्रो सबस्क्रिप्शन वेगळं आणि बहुतेक मोठे कोर्स वेगळे विकत घ्यावे लागतात. हे न बघता पैसे भरलेत तर चिडचिड होणार. बऱ्याच कोर्सची 'शॉर्ट अँड स्वीट' नावाची छोटी आवृत्ती मोफत असते, आधी ती करून बघा.

माझं मत विचाराल तर खरी अडचण पैशांची नाहीच. अडचण ही आहे, की कोर्स बनवतात मास्टर लोक आणि तुमच्यासमोर बसलेला असतो तुमच्यासारखाच कोणीतरी.

उदाहरण घ्या. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. पांढऱ्यानं घोडा काढला, काळ्यानंही काढला. पांढऱ्यानं उंट सी४ वर आणला, काळ्यानं दुसरा घोडा एफ६ वर. आता पांढरा घोडा उडी मारून जी५ वर. उंट आणि घोडा दोघांची नजर एफ७ वर, जिथं काळ्याच्या राजाशिवाय राखायला कुणी नाही. काळा डी५ खेळतो, पांढरा प्यादं मारतो. इथं मास्टर्सच्या डावांत काळा बहुतेक वेळा घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करतो. नवखा खेळाडू मात्र हमखास घोड्यानं प्यादं मारतो. मग पांढरा एफ७ वर घोडा देऊन राजाला बाहेर ओढतो. यालाच 'फ्राइड लिव्हर' म्हणतात.

मास्टर्ससाठीच्या कोर्समध्ये घोडा ए५ च्या पुढे पानंच्या पानं असतात, आणि तुमच्या दहा डावांत ती चाल कदाचित येणारही नाही. म्हणून लिचेसच्या एक्स्प्लोररमध्ये रेटिंगचा फिल्टर लावा आणि तुमच्या पातळीचे लोक काय खेळतात ते बघा. पांढऱ्यासाठी एक ओपनिंग, काळ्यासाठी दोन (एक राजाच्या प्याद्याविरुद्ध, एक वजिराच्या), एवढं सुरुवातीला पुष्कळ आहे. हरलेला प्रत्येक डाव उघडून बघा, की ओळखीची वाट नेमकी कितव्या चालीला सुटली. ती चाल लिचेसच्या 'स्टडी'मध्ये टिपून ठेवा, हेही फुकटच आहे. दोन-तीन महिने हे केलंत आणि तरी 'चाल आठवते, पण का ते कळत नाही' असं झालं, तर मग कोर्स घ्या. तेव्हा कुठला घ्यायचा हेही कळलेलं असेल.

घेतलाच, तर फ्री ट्रायल संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटो-पेमेंट कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं असतं. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दरवेळी ओटीपी लागत नाही. तो मेसेज बघायचा राहिला, की पैसे कापले जातात. आणि फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते प्ले स्टोअरमध्ये किंवा साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं.