लहान संगणक आणि त्याची उष्णता

टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा लहान संगणक शाळेस सोयीचा असतो; त्यास जागा व वीज दोन्ही थोडी लागतात. परंतु पेटी लहान, म्हणून ती लवकर तापते व बिघडते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. शाळेत एकच संगणक असेल आणि अशा समजामुळे तो अडगळीत गेला, तर नुकसान सर्व मुलांचे होते. यास्तव या समजात तथ्य किती, हे पाहणे इष्ट होय.

संगणकास मिळणाऱ्या जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णता होते. लहान पेटीतील प्रोसेसर बहुधा १५ ते ६५ वॅट वीज घेतो; म्हणजे त्याची उष्णता फार तर जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढी असते. ती धातूच्या पातळ पत्र्यांत पसरते व छोटा पंखा ती बाहेर टाकतो. लहान पेटीत पत्रे थोडे व हवेची वाट अरुंद असल्यामुळे ती हातास अधिक उष्ण लागते, हे खरे. पण तेवढ्याने ती बिघडत नाही. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास पोहोचताच प्रोसेसर आपली गती आपोआप कमी करतो आणि तरीही न निवल्यास संगणक बंद होतो. माहिती भरताना संगणक एकाएकी संथ झाला, तर तो जुना झाला असे मानण्यापूर्वी त्याची हवा कोंडली आहे काय, हे पाहावे.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथील उन्हाळा पठारावरील तालुक्यांच्या मानाने सौम्य असतो. मावळातील खरी अडचण पावसाळ्याची. खिडक्या मिटलेल्या असतात आणि गळतीच्या भीतीने चालू संगणकावरही प्लास्टिक घातले जाते. खडूची धूळ दमट हवेत पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते.

उष्णतेचा प्रश्न मोठ्या यंत्रांनाही चुकलेला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ साली उभारण्यात आला. त्याच्या प्रोसेसरांजवळून द्रव खेळवून उष्णता वाहून नेली जाते. शाळेतील पेटीस मात्र मोकळी हवा पुरते.

त्यासाठी पेटीच्या चारही बाजूंस वीतभर जागा सोडावी. फळ्यापासून ती दूर ठेवावी. संगणक चालू असताना त्यावर आच्छादन नसावे. बंद करून तो निवल्यावरच झाकावा. पावसाळ्यात सुट्ट्या लागून आल्या तरी तो अधूनमधून चालू करावा, म्हणजे आतील ओल धरत नाही. महिन्यातून एकदा वीज तोडून मऊ ब्रशाने झरोके झाडावेत. काम चालू असताना झरोक्यापाशी कागदाची पट्टी धरून ती हलते काय, हे मुलांकडून पाहवून घ्यावे. उष्णतेच्या अभिसरणाचा पाठ त्यातूनच साधेल. झरोके स्वच्छ असूनही संगणक वारंवार बंद पडल्यास पेटी स्वतः न उघडता जाणकार तंत्रज्ञास दाखवावी.