सुटकेच्या गोष्टी आणि एक सुटका

माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला, म्हणजे रायगडाच्या पायथ्याशी जाता येतं. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना सुटकेची पहिली गोष्ट कळते ती आग्र्याची. १६६६ साल, मिठाईचे पेटारे, बेसावध पहारेकरी. त्या गोष्टीने मला एक खोड लावली. बंदिस्त राज्यावरचं पुस्तक हाती आलं, की आधी निसटण्याचं प्रकरण काढून वाचायचं.

उत्तर कोरियावरची पुस्तकं मी अशीच वाचली. ब्लेन हार्डनच्या ‘एस्केप फ्रॉम कॅम्प १४’ (२०१२) मधला शिन डाँग-ह्युक विजेचं कुंपण ओलांडतो, ती पानं एका बैठकीत संपवली. २०१५मध्ये खुद्द शिननेच कबूल केलं, की सांगितलेल्यातलं काही तसं घडलं नव्हतं. राग त्याचा आला नाही, माझ्या खोडीचा आला. थरार आम्हालाच हवा असतो ना! बार्बरा डेमिकचं ‘नथिंग टु एन्व्ही’ (२००९) त्यामानाने टिकलं. त्यात चोंगजिन शहरातली साधी माणसं आहेत. वीज नाही, म्हणून रात्रीच्या काळोखात कुणाच्या नजरेत न येता मैलोन् मैल चालणारं एक प्रेमी जोडपं आहे. त्या काळोखातून मला ते राज्य जास्त दिसलं.

पण कोरियापर्यंत जायचं कशाला? गणपतीच्या आधी माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग तुंबते, तो रस्ता गोव्याला जातो. तिथे १९६१पर्यंत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा अंमल होता. छापायचं ते सेन्सॉरला दाखवून, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. मुलीच्या बापाने मुहूर्त भटजींकडून काढायचा आणि त्यावर शिक्का सरकारचा घ्यायचा. पत्रिकेच्या मायन्यात राजद्रोह शोधत बसलेला तो कारकून मला कोठडीइतकाच भयंकर वाटतो.

या राजवटीवर मराठीत वाचायचं, तर मोहन रानडे यांचं ‘सतीचे वाण’. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे नाव बदलून गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात नेलं.

खोड जात नाही, म्हणून सांगतो: याच काशियाशमधून ४ डिसेंबर १९६१ला आठ कम्युनिस्ट कैदी सालाझारच्याच चिलखती मोटारीने फाटक फोडून पळाले. सिनेमाच! रानड्यांच्या वाट्याला असलं काही आलं नाही. पंधरवड्यात गोवा मुक्त झाला. ज्याच्यासाठी तुरुंगात गेले तो प्रदेश सुटला आणि हे आतच. उरली ती एकांत कोठडी आणि इकडे सुधीर फडके वगैरे मंडळींनी त्यांच्या सुटकेसाठी चालवलेली खटपट. गोव्याला मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर, जानेवारी १९६९मध्ये ते बाहेर आले.

तोवर सालाझारची खुर्चीही गेली होती. १९६८च्या सप्टेंबरात, तो आजारी पडल्यावर, मार्सेलु कायतानु पंतप्रधान झाला. पण म्हाताऱ्याला ते सांगायची कुणाची छाती झाली नाही. १९७०मध्ये मरेपर्यंत, देश आपणच चालवतोय अशी त्याची समजूत होती आणि मंत्री येऊन त्याच्यापुढे बसत होते.