समुद्रांतील मुद्दल

व्याजावर घर चालतें. मुद्दलास हात लागला कीं घर बुडतें. ही गोष्ट कोणाही संसारी माणसास सांगावी लागत नाहीं. समुद्राचा व्यवहार याहून निराळा नाहीं. फरक इतकाच कीं, मासळीचें मुद्दल पाण्याखालीं असल्यामुळें तें किती उरलें हें डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचा अंदाज करावा लागतो. हा अंदाज कसा करतात, आणि आपल्या ताटांतील पापलेटाशीं त्याचा काय संबंध आहे, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

आपल्याकडे हें काम मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था करते. १९४७ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें स्थापन झालेल्या या संस्थेचें मुख्य ठाणें आज कोची येथें आहे. तिचे अभ्यासक बंदराबंदरांतून उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेतात, लांबी व वजन टिपतात आणि मादीच्या अंडाशयाची वाढ तपासतात. माशाच्या कानांत चुनखडीचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या खोडाप्रमाणें त्यावर वाढीचीं वलयें उमटतात व त्यांवरून कित्येक जातींच्या माशांचें वय मोजतां येतें. अशा असंख्य नोंदींवरून, कोणत्या लांबीस आल्यावर त्या जातीचे निम्मे मासे प्रजननक्षम होतात, हें ठरवितां येतें. त्याआधीं पकडलेला मासा वंश न ठेवतांच बाजारांत येतो. हेंच मुद्दलास हात घालणें होय.

अशा अभ्यासाच्या आधारें केरळनें २०१५ सालीं १४ जातींच्या माशांची किमान लांबी कायद्यानें ठरविली. महाराष्ट्रानें २०२३ सालीं ५४ जातींसाठीं तसेंच केलें. पापलेटास १३५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें सव्वापांच इंच, आणि बोंबलास १८० मिलिमीटर, म्हणजे सुमारें सात इंच, अशी मर्यादा आहे. त्याच वर्षीं पापलेटास राज्याच्या माशाचा मानही मिळाला. मात्र ही मर्यादा अगदीं खालची आहे, हें विसरूं नये. पुष्कळशीं पापलेटें याहून बरींच मोठीं झाल्यावरच प्रथम अंडीं घालतात.

येथें कोणी म्हणेल कीं, लहान मासा परत पाण्यांत सोडला म्हणजे झालें. परंतु भरतीओहोटीच्या वाटेंत लावलेल्या डोलींत प्रवाह जें आणील तें सांचतें. तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांत तर मासे एकमेकांच्या ओझ्याखालीं चेंगरतात. होडीवर येईपर्यंत बहुतेकांचा जीव गेलेला असतो. तेव्हां निवड व्हावयाची ती पाण्यांतच व्हावयास हवी. नेहमींच्या जाळ्याचीं भोकें शंकरपाळ्यासारखीं असतात व ओढ बसतांच मिटतात. चौकोनी भोकें मात्र उघडीं राहतात आणि पिल्लांना वाट देतात. कोचीच्याच केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेनें ट्रॉलच्या शेवटच्या थैलीसाठीं अशा चौकोनी भोकांचा पुरस्कार केला आहे. उपाय साधा आहे; पण एकानें पिल्लें सोडलीं व शेजाऱ्यानें तींच उचललीं, तर पहिल्याच्या पदरीं केवळ तोटा येतो. म्हणून नियम सर्वांना सारखा हवा व तो पाळला गेला पाहिजे.

न पाळल्यास काय होतें, याचा दाखला कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड बेटाजवळ मिळतो. तेथील कॉड मासळीवर कित्येक पिढ्या जगल्या. १९६८ या एकाच वर्षांत तेथें आठ लाख टनांहून अधिक कॉड निघाला. पुढें मासळी घटत गेली. परंतु उरलेला मासा थव्यांनीं एकत्र येई आणि यंत्रांच्या साहाय्यानें मोठीं जहाजें तो नेमका हुडकून काढीत. साहजिकच जाळीं भरत राहिलीं आणि त्यावरून केलेला साठ्याचा अंदाज फुगला. अखेर २ जुलै १९९२ रोजीं सरकारनें मासेमारी बंद केली आणि सुमारें तीस हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ती बंदी २०२४ सालापर्यंत टिकली. तात्पर्य, भरलेलें जाळें हा भरलेल्या समुद्राचा पुरावा नव्हे.

आपल्या किनाऱ्यावरील कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यास लावून ठेवीत आला आहे. खवळलेला समुद्र हें त्याचें एक कारण. पण त्या विसाव्यांत मासळीसही वाढण्यास अवसर मिळे. आजची पावसाळी बंदी हीच रीत कायद्याच्या रूपानें चालविते. शहरांतील गृहस्थ-गृहिणींचा यांत कांहींच वांटा नाहीं असें मात्र नव्हे. तळहातांत मावणारें पापलेट स्वस्त मिळतें म्हणून आपण घेतों, तोंवर तें पकडलें जाणारच. तें टोपलींतच राहूं दिलें, तर त्याची मागणी घटेल आणि पुढल्या पिढीच्या ताटांतही पापलेट दिसेल.